मागे कोण आहे?

शिडीवर कोणी चढलेलं दिसलं की काका वर बघायचेच नाहीत. "वर कोण आहे ते नका सांगू. शिडी कोणी धरलीय?" एवढं विचारायचे आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. दिवाळीत ऑफिसात आकाशकंदील लावायला मी स्टुलावर चढले, तर हे स्टूल धरून उभे. म्हटलं, "काका, दीड फुटाचं स्टूल आहे हो." म्हणाले, "पडणाऱ्याला फूट मोजायला वेळ नसतो."

दुबईत अल क्वोजच्या आमच्या बांधकाम कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते आणि मी खरेदी विभागात. साइटच्या गेटपाशी एक बोर्ड असे, अपघाताविना गेलेल्या दिवसांचा. रोज सकाळी त्यावरचा आकडा ते स्वतःच्या हाताने बदलत. अपघात झालाच, तर आकडा पुसून शून्य. आता मला सांगा, काहीही घडू नये म्हणून पगार घेणारा माणूस फुटबॉलवर जीव टाकेल असं कोणाला वाटेल? पण त्यांना टीमही तशीच मिळाली.

कंपन्यांच्या लीगमध्ये आमची टीम खेळायची. बचाव असा, की विचारू नका. स्कॅफोल्डिंगचे दोन पंजाबी फोरमन मागे उभे राहिले की समोरच्याला गोलपोस्ट दिसायचं बंद व्हायचं. गोलकीपर आमचा मल्याळी स्टोअरकीपर. सहीशिवाय खिळा बाहेर जाऊ न देणारा माणूस बॉल काय आत येऊ देणार? आणि आघाडीची फळी म्हणाल तर आनंदीआनंद. आयटीतली पोरं, महागडे बूट, सेट केलेले केस, आणि मारलेला बॉल दर वेळी शेजारच्या गॅरेजच्या पत्र्यावर. त्या गॅरेजवाल्याने शेवटी कंटाळून गेटची एक किल्लीच आमच्याकडे देऊन टाकली.

काका खुर्ची टाकायचे ती आमच्याच गोलमागे. हाफटाइमला बाजू बदलल्या की खुर्ची उचलून पलीकडे, आणि त्यांच्यामागून आम्ही सगळे, डबे, चटया, पोरंबाळं घेऊन. बॉल पुढे गेला की ते निवांत थर्मास उघडायचे, मागे आला की झाकण लावायचे. अधूनमधून एकच आरोळी, "पीछे कौन है?" माझी लेक इथेच जन्मलेली, तिला कसला दम निघतोय. एकदा वैतागून म्हणाली, "अंकल, नथिंग इज हॅपनिंग."

"हो ना," ते खुशीत म्हणाले, "किती छान चाललंय."

साइटसारखाच एक छोटा बोर्ड त्यांनी मैदानावर आणून ठेवला, गोल न खाता गेलेल्या मॅचेसचा. आधी आम्ही हसलो. मग आकडा वाढत गेला तसं आम्हालाही वेड लागलं. शून्य-शून्य झालं की पेढे वाटणारी टीम अख्ख्या दुबईत आमचीच असेल.

मग त्यांची रिटायरमेंट आली. आमच्यासारख्यांची नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि सामान कार्गोत जातं. नाशिकला मुलगा-सून वाट बघत होते. शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "एवढीच इच्छा आहे बघ. दोन्ही बोर्ड न पुसता जायचं." आणि इकडे पोरांनी परस्पर काय ठरवावं? काकांना निरोपाची भेट म्हणून एक गोल मारून द्यायचा. मला आधी कळलं असतं, तर एकेकाचा कान धरला असता.

मॅच संपत आली तसे सगळे पुढे धावले. फोरमन गेले, गोलकीपरही गेला. काका खुर्चीवरून उठले. "पीछे कौन है?" मागे कोणीच नव्हतं. समोरच्या टीमच्या एका पोराने बॉल हिसकावला आणि तो एकटाच आमच्या रिकाम्या गोलकडे सुटला. तेव्हा काका सरळ मैदानात शिरले, तळहात वर केला आणि साइटवरच्या आवाजात म्हणाले, "स्टॉप!"

अहो, तो थांबला. कंपनी दुसरी, पण पोरगा आमच्याच साइटवर काम करणारा. तिथे तो हात वर झाला की क्रेनसुद्धा थांबते. त्याचे पाय जागच्या जागी गोठले आणि बॉल आपला घरंगळत पोस्टच्या बाहेर गेला.

इजिप्शियन रेफरीने आधी कपाळाला हात लावला, मग लाल कार्ड काढलं. "खलास, हबीबी, बाहर."

काका बाहेर जाईनात. "सर, वो गोल था. मेरी वजह से रुका. गोल लिखिए." रेफरी म्हणाला, असा नियम नाही. मॅच शून्य-शून्य सुटली. आमची पोरं नाचायला लागली.

काका बोर्डापाशी गेले. खिशातला रुमाल काढला, आकडा पुसला आणि तिथे शून्य लिहिलं.

"काका, गोल झालाच नाही ना," मी म्हटलं.

"झाला असता. मागे कोणी नव्हतं ना? घडलं ते लिहायचं असतं." मला त्यांचा राग आला आणि भडभडूनही आलं. पोरं ओशाळून भोवती उभी राहिली, तर उलट त्यांच्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बस, पीछे किसी को रखना बेटा." दोन दिवसांनी ते नाशिकला गेले.

आम्ही अजून गोलमागेच बसतो. नवीन एचआर मॅनेजर मधल्या बाकांवरून हाका मारतो, इथून सगळं दिसतं म्हणून. आम्ही म्हणतो, बरं आहे इथेच.

आणि गेल्या महिन्यात आमच्या टीमने चक्क गोल मारला. अर्थात पलीकडच्या टोकाला. आम्हाला फक्त पोरं एकमेकांच्या अंगावर पडताना दिसली. मी तिथूनच काकांना व्हिडिओ कॉल लावला. "काका, आपण गोल मारला."

"कोणी?"

"दिसलं नाही. लांब होतं."

मग विचारलं, "सगळेच पुढे गेले होते? मागे कोण होतं?"

मी फोन फिरवला. खुर्च्या, थर्मास, बोर्ड आणि आम्ही सगळे त्यांना दिसलो. लेक फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "वी आर हिअर, अंकल."

"बॉल आत्ता कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"इकडेच येतोय."

"मग माझ्याकडे काय बघत बसलीस? फोन ठेव. समोर बघ."