दुपारी पाहिलेली मालिका

दिवाळीनंतर कोलशेतच्या एका रंगाच्या कंपनीने बऱ्याच कामगारांना घरी बसवलं, त्यात दगडू होता. घरी मात्र तो बसला नाही. रोज सकाळी ठाकुर्लीहून डबा घेऊन निघायचा आणि कंपनीतला जुना सोबती ऑस्वल्ड, तो आधीच निवृत्त झालेला, त्याच्याकडे जाऊन टीव्हीसमोर बसायचा. नोकरी होती तेव्हा टीव्ही पेंगत पेंगत जरासा दिसायचा. आता बातम्या, कुस्ती, मालिका, जे लागेल ते. संध्याकाळी डोळे चुरचुरायचे, आणि मन होतं तिथंच.

"पगार नाही आणि ओव्हरटाइम करतोस बघ," ऑस्वल्ड म्हणायचा. "बायकोला सांग रे."

"सांगतो. अमृताची परीक्षा होऊ दे."

मुलीची परीक्षा झाली, निकालही लागला. दगडू फंडातले पैसे पगार म्हणून रमाबाईच्या हातात ठेवत राहिला.

रमाबाई कोपरला कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करायची. संध्याकाळची तिची मालिका ठरलेली. रात्री जेवताना ती दगडूला सगळी सांगायची, आणि तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागला की तो ऑस्वल्डकडे पाहायचा.

एका शुक्रवारी ती कल्याणला बारशाला गेली आणि भाग चुकला. शनिवारी कंपनी लवकर सुटायची, म्हणून दगडूही लवकर परतला.

चहा गाळता गाळता रमाबाई म्हणाली, "सुनेने ती पेटी उघडली का, कुणाला ठाऊक."

"कुठली उघडतेय! सासऱ्याने किल्ली विहिरीत टाकली."

बोलून गेला, मग त्याच्या ध्यानात आलं.

"तुम्ही कुठं पाहिलंत?"

"कंपनीत. एकाच्या मोबाइलवर."

"मोबाइल तर फाटकावर जमा करतात. माझी आई गेली तेव्हासुद्धा तुम्हाला फोन लागला नव्हता."

दगडूने खुंटीवरचा टॉवेल काढला, पुन्हा तिथंच अडकवला.

"अहो, इकडे बघा. कामावर जाता का तुम्ही?"

"नाही. दिवाळीपासून."

"मग बसता कुठं?"

"ऑस्वल्डकडे. टीव्हीपुढे."

ती मटकन खाली बसली. आता ही ओरडणार, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आणि रोज 'मग? पुढं काय?' करत होतात. मी येडी, हातवारे करून सांगत होते."

"त्याच्यासाठीच दिवस ढकलायचो गं. टीव्हीत काही नसायचं."

"गोड बोलू नका." तिने पदराने नाक पुसलं. "आमच्या मालकाला इस्त्रीला माणूस हवाय. सोमवारी चला माझ्याबरोबर."

"मला कुठं येते?"

"शिकाल. पण आधी अमृताला सांगायचं. तुम्ही. मी नाही सांगणार."

शेजारच्या खोलीत मालिकेचं गाणं सुरू झालं. रमाबाईने रिमोटकडे पाहिलंही नाही. जिन्यात अमृताच्या चपला वाजल्या. दगडू उठला, आणि तिने कडी वाजवायच्या आत त्याने दार उघडलं.