चार नंबरच्या पलंगावरचा ड्रायव्हर

वहीत सही ड्रायव्हर इब्राहिमभाईंची हवी होती. निघाली सखारामची. मी पुन्हा वाचली. सखारामचीच.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. मी लोणावळ्याच्या रनिंग रूमचा केअरटेकर होतो. रनिंग रूम म्हणजे बाहेरगावचे ड्रायव्हर आणि गार्ड पुढच्या ड्युटीपर्यंत झोपतात ती जागा. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस दिवसा झोपणार, म्हणून खिडक्यांना जाड काळे पडदे. भर दुपारी आत काळोख. ज्याची पाळी आली त्याला पलंगाचा नंबर पाहून उठवायचं आणि कॉल-बुकात सही घ्यायची, एवढंच माझं काम. तेवढंही मला जमलं नव्हतं.

दुपारी दीड वाजता मी चार नंबरला हलवून सही घेतली होती. तो पलंग इब्राहिमभाईंना दिलेला. आता पाहतो तर भाई सहा नंबरवर तोंडावर चादर ओढून घोरतायत. म्हणजे घाट उतरायच्या मालगाडीवर गेला तो सखाराम! रात्रभर जागून तो एक वाजता आला होता, सहा नंबर मीच त्याला दिला होता. घाटात ड्रायव्हर पेंगला, ब्रेक लावायला उशीर झाला, की गाडी आवरत नाही. मी भाईंना गदागदा हलवलं.

"भाई, उठा! तुमची गाडी!"

"आत्ताच तर पडलोय रे."

"सकाळी सहाला आलात!"

"मी? डोकं फिरलंय तुझं."

त्यांना तसंच ओढत यार्डात नेलं. सखाराम इंजिनावर चढलेला, डोळे लालबुंद.

"माझी आठ तास झोप झालीय," तो ठणकावून म्हणाला. "भाई आत्ता आले असतील."

"बघ, मी काय सांगत होतो!" भाई म्हणाले.

आता मीच चक्रावलो. झोपलेला म्हणे झोपलो नाही, न झोपलेला म्हणे भरपूर झोपलो. गाडी सोडायला उभ्या असलेल्या फोरमन साहेबांपुढे रोज नवे ड्रायव्हर यायचे, त्यांना दोघंही सारखेच.

"वही काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

"साहेब, वहीवर आता माझाच विश्वास नाही."

तेवढ्यात आमचे आचारी आबा धापा टाकत आले. आंदर मावळातले, सरळ माणूस. आमच्याकडे प्रत्येक जण आपला शिधा गाठोड्यात बांधून आणायचा आणि आबा ज्याचा त्याला वेगळा शिजवून द्यायचे.

"साहेब, ह्या सखारामाची डाळ आजून चुलीवं हाय. एक वाजता गठुडं दिलं त्यानं. भाई सकाळीच जेवलं, त्यांची भांडी बी घासून झाली. ह्यो गडी आठ तास कवा झोपला?"

सखारामचा हात पोटाकडे गेला. "भूक तर लय लागलीय," असं पुटपुटत तो खाली उतरला, शेडच्या भिंतीला टेकून बसला आणि बसल्या बसल्या झोपला.

भाई गाडी घेऊन गेले. वीस मिनिटं लेट, पण गाडी घाट धड उतरली. ती बातमी येईपर्यंत मी पाणीसुद्धा प्यालो नाही.

दुसऱ्या दिवशी भाई परत आले तेव्हा उलगडा झाला. चार नंबरला ढेकूण झाले होते. भाई अर्धवट झोपेत उठून सहावर गेले. सखारामला अंधारात सहा भरलेला दिसला, तो चारवर आडवा झाला. अर्ध्या तासात मी उठवलं, तर गाढ झोपेतून उठलेल्या त्याला ते आठ तास वाटले. गाडी का रखडली याचा खुलासा साहेबांनी मागितला. मी 'ढेकूण' असं लिहिलं. त्यांनी ते खोडून मला सक्त ताकीद दिली.

तेव्हापासून मी पलंग उठवायचा सोडला, माणूस उठवायला लागलो. चादर बाजूला करायची, चेहरा पाहायचा, नाव विचारायचं. किती झोपलात, हे मात्र झोपणाऱ्याला कधीच विचारलं नाही.