तपासणाऱ्याची सही

किस्से कोणी जमवत नाही. ते आपोआप साठतात, लॅबच्या बेसिनखाली रिकाम्या बाटल्या साठतात तसे. कधीतरी जागा हवी म्हणून काढायला बसावं, तर प्रत्येक बाटलीला अजून वास!

आमचे किस्से मात्र एका रजिस्टरात आहेत. तुर्भ्याच्या रंगाच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो तेव्हाचं, जाड पुठ्ठ्याचं. आमचे मुख्य केमिस्ट गायकवाड साहेब. त्यांनी स्वतः पट्टीने रकाने आखले होते: तारीख, चमत्कार, निरीक्षण, कारण, सांगणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही.

निमित्त आमचा लॅब अटेंडंट म्हात्रे. कोपरखैरण्याच्या जुन्या गावातला. खाडीकाठी एक महाराज राहत, त्यांचा हा भक्त. रोज डब्याच्या वेळी नवा चमत्कार! शेवटी गायकवाड साहेब म्हणाले, "म्हात्रे, रंगाचा साधा डबासुद्धा दोन सह्यांशिवाय गेटबाहेर जात नाही. चमत्कार कसा जाईल? सांगणाऱ्याची एक सही, तपासणाऱ्याची एक. आणि तपासणारा विश्वास न ठेवणारा हवा."

विश्वास न ठेवणारे दोघंच, ते आणि मी.

माझी बायको कुसुम महाराजांना मानायची. रजिस्टरच्या गोष्टी मी रोज घरी सांगायचो, ती ऐकायची आणि म्हणायची, "त्यात तुमची एक सही मला बघायचीय. एकच. पण खरी. माझं मन राखायला केलेली नको."

मीही तिला सांगून ठेवलं होतं की खोटी सही होणार नाही.

* * *

पहिली नोंद हळदीची. महाराजांच्या ओट्यावर हळद वाहिली की तिचं कुंकू होतं, असं म्हात्रेने शपथेवर सांगितलं.

गायकवाड साहेबांनी विचारलं, "ओटा कशाने सारवलाय?"

"सारवत नाय साहेब. चुना मारलाय."

साहेबांनी डब्यातल्या भाजीचा पिवळा डाग फिल्टर पेपरवर घेतला आणि त्यावर चुन्यासारख्याच अल्कलीचा, कॉस्टिक सोड्याचा, एक थेंब सोडला. लालभडक!

म्हात्रेने तो कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "म्हंजे साहेब, आपुन रोज चमत्कार करतो?"

"तसं म्हणा."

"मंग आपल्याला कोनी नमस्कार का करत नाय?"

* * *

दुसरी नोंद, महाराज खाडीच्या पाण्यावरून चालतात.

ही तपासायला आम्ही सुट्टीच्या दिवशी गेलो. काठावर उभं राहून गायकवाड साहेबांनी पाच मिनिटांत निदान केलं. तिथे पूर्वी मिठागर होतं. त्याचा बांध पाण्याखाली वीतभर असणार, चालणाऱ्याला तो पाठ असणार.

मी म्हटलं, "मग सिद्धच करून दाखवतो." पँट दुमडली आणि निघालो. सात पावलं उत्तम गेली. आठव्या पावलाला कमरेपर्यंत चिखलात!

कोळंबी धरणाऱ्या दोन बायकांनी दोर टाकून मला ओढून काढलं. त्यातली म्हातारी म्हणाली, "इस्वास नव्हता तर पाय कशाला टाकलास रं बाबा?"

घरी कुसुमने पँट दोन बोटांनी धरून बादलीत टाकली. "बांध आहे म्हणता ना? मग तुम्ही कुठे होतात?"

रजिस्टरात गायकवाड साहेबांच्या अक्षरात शेरा आहे: 'बांध आहे. राणे बांधावर नव्हते.'

* * *

नववी नोंद कुसुमची. चिठ्ठी लिहून म्हात्रेच्या हाती पाठवली होती. महाराजांच्या कृपेने आमचा गॅसचा सिलिंडर चक्क पंचावन्न दिवस चालला.

मी घरी येऊन हिशेबच मांडला. "त्या दिवसांत माझी आई गावाला होती. अंघोळीचं पाणी दोनदा तापत नव्हतं, चहा सहा वेळा होत नव्हता. यात महाराज कुठे आले?"

कुसुम शांतपणे म्हणाली, "सासूबाई आपणहून गावाला गेल्या. तुम्हाला अजून कसला चमत्कार हवाय?"

दुसऱ्या दिवशी गायकवाड साहेब एवढे हसले की पिपेट खाली ठेवावी लागली. पण सही त्यांनीही केली नाही.

* * *

एकदा म्हात्रेने डाव उलटवला.

गायकवाड साहेब मराठवाड्यातले बौद्ध. म्हात्रे म्हणाला, "साहेब, तुमच्या भगवंतांचे पन चमत्कार लोक सांगतात. ते नाय लिवायचे?"

साहेबांनी पेन काढलं आणि एक चमत्कार स्वतः लिहिला. सांगणाऱ्याच्या जागी 'लोक' असं घातलं, आणि रजिस्टर म्हात्रेपुढे सरकवलं.

"आता तपासा. इथे माझी सही चालणार नाही. मी त्यांचा माणूस आहे."

म्हात्रेने तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी आला. "साहेब, मी तवा तिथं नव्हतो. न बघता सही कशी करू?"

साहेब खुर्चीतून उठले आणि त्याचा हात हातात घेतला. "आज तुम्ही केमिस्ट झालात!"

मग म्हणाले, "चमत्कार सगळे काढून टाकले तरी माझे भगवंत उरतात, म्हात्रे. तुमचे महाराज उरतात का, ते बघा."

हे म्हात्रेला लागलं. दोन दिवस तो डबा घेऊन एकटाच गेटजवळ बसला. तिसऱ्या दिवशी आमच्या टेबलाशी आला, डबा उघडला, भाकरी मोडली आणि एवढंच बोलला.

"उरतात."

* * *

पुढल्या वर्षी कुसुम आजारी पडली. दुखणं हाडांत उतरलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगायचं ते सांगितलं, आणि मी आत आल्यावर तिने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं. दिवसाच्या चार गोळ्या. एका गोळीचा अंमल फार तर चार तास.

एका रविवारी ती म्हणाली, "महाराजांकडे जायचंय."

"तीन जिने आहेत, कुसुम."

"मला मोजता येतात."

"ते बरं करणार आहेत का तुला?"

"बरं करा असं मी मागितलंच नाही कधी. जायचंय म्हणजे जायचंय."

गायकवाड साहेबांना कोणी कळवलं कोण जाणे, दुपारी कंपनीची जीप दारात उभी, आत म्हात्रे! मी आणि म्हात्रेने कुसुमला खुर्चीत बसवून खाली आणलं. प्रत्येक पायरीला तिच्या दोन भुवयांमधली आठी खोल होत होती. ती आठी तिथे सहा महिने होती. झोपेतही जायची नाही.

महाराज म्हणजे बंडी घातलेला, दात पडलेला म्हातारा. एके काळचा मिठागरावरचा मजूर. ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमीच का रजिस्टरवाले?"

मी म्हात्रेकडे बघितलं. म्हात्रे खाडीकडे बघत होता.

"हो," मी म्हटलं.

"माज्या नावावर किती झाले?"

"सतरा."

"आन् सह्या?"

"एकही नाही."

म्हातारा बोळकं उघडून मनापासून हसला. "बराबर हाय. मी पन केली नसती!"

मग त्याने कुसुमच्या ओटीत पसाभर शेंगा टाकल्या. ती सोलायला लागली. तोही सोलत होता. अंगारा नाही, मंत्र नाही, डोक्यावर हात नाही. मी समोर बसून तिच्याकडे बघत होतो. ऊन ओट्यावरून उतरून खाली गेलं, शेंगा संपल्या, तेव्हा आम्ही निघालो.

* * *

घरी आल्यावर तिने रजिस्टर मागवलं. म्हात्रे कोपरखैरण्याला न जाता तसाच जीपने कारखान्यात गेला आणि घेऊन आला. कुसुमने उशीला टेकून स्वतः लिहिलं: 'रविवार. महाराजांच्या ओट्यावर तासभर दुखलं नाही.' खाली सही केली आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"गोळीचा अंमल असेल," मी म्हटलं.

"कुठली गोळी? सकाळची आठला घेतली. दुपारची डबी तुम्ही इथेच विसरलात. ती बघा, रेडिओवर आहे."

डबी रेडिओवर होती.

"कुसुम, दुखणं तुझं. ते मी कसं तपासणार?"

"तासभर माझ्या तोंडाकडे बघत होतात ना?"

"हो."

"आठी होती?"

मी तिच्या हातून पेन घेतलं.

"मला बरं वाटावं म्हणून काही करू नका हं," ती म्हणाली. "बघितलं नसेल तर पेन खाली ठेवा."

मी निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं, 'आठी नव्हती.' कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माहीत नाही.' आणि सही केली.

तिने ती सही उजेडाकडे धरून पाहिली, बँकेतला कारकून पाहतो तशी. मग रजिस्टर मिटून म्हात्रेकडे दिलं. "द्या साहेबांना. आणि जेवून जा, भावोजी."

सकाळी गायकवाड साहेबांनी ते पान उभ्याने वाचलं. मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. चष्मा काढला.

"राणे, तुम्ही महाराजांना मानायला लागलात?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग सही चालते," ते म्हणाले.