अव्वासाठी केलेला कर्णा

माझ्या वेळी बाळंत झाली तेव्हा अव्वाचे कान बरेचसे गेले, आणि धाकट्या भावाच्या वेळी उरलेलेही गेले. अव्वा म्हणजे आमची आई. तिच्या बहिरेपणात माझाही वाटा आहे, हे आमच्या आत्यानं मला कळायला लागल्यापासून ऐकवलेलं होतं. "एक कान तू खाल्लास, एक ह्यानं खाल्ला," असं ती पाळण्याकडं बोट करून म्हणायची. दहा वर्षांच्या पोरीला असं कुणी बोलतं का? पण आत्या बोलायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, आणि तिच्यासमोर तोंड उघडायची आप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, टाप नव्हती. ती त्यांची थोरली बहीण. त्यांना अंगाखांद्यावर खेळवून तिनंच मोठं केलेलं.

आमचं घर उमरग्याला, सोलापूर-हैदराबाद सडकेला लागून. राज्य निजामाचं, मोठी लढाई नुकतीच संपलेली, आणि सडकेवरून लष्करी मोटारी अजून धूळ उडवत जायच्या. घराच्या तोंडाशीच आप्पांचं पत्र्याचं दुकान. डबे, नरसाळी, चिमण्या, कंदील, गळक्या बादल्या. आप्पा माणसांशी कमी बोलायचे, पत्र्याशी जास्त. "आता कुठं पळतोस?" असं ते पत्र्याला म्हणायचे आणि काठ वळवायचे.

तर झालं काय, पाडव्याच्या सुमाराला आत्या नळदुर्गाहून आली ती नेमकी नको त्या वेळी. अव्वा स्वयंपाकघरात जात्यावर बसली होती, पाठ दाराकडं. पुढच्या सोप्यात भाऊ पाळण्यातल्या धडप्यात गुरफटलेला, तोंडावर कापड, रडून रडून आवाज बसलेला. मी पाण्याला गेले होते. आप्पा दुकानात हातोडी मारत होते, त्यांना तरी काय ऐकू येणार? आत्यानं पोराला काढलं, तशीच अव्वासमोर जाऊन उभी राहिली आणि पोराचं निळं-लाल तोंड तिला दाखवलं. अव्वाच्या हातातून जात्याचा खुंटा सुटला.

आत्यानं त्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "नागपंचमीला म्या येते. जाताना पोराला घेऊन जाते. पायावर उभं ऱ्हायलं, हाका मारत हिच्यापुढं यायला लागलं, की आणून सोडते." आप्पा म्हणाले, "अक्का, आसं कसं..." "मग काय जीव गेल्यावर बघायचं व्हय?" आत्या म्हणाली. अव्वानं दोघांच्या ओठांकडं बघून सगळं ओळखलं होतं. पाळण्याची दोरी तिनं पायाच्या अंगठ्याला बांधून घेतली आणि तशीच भाकरी करायला लागली. भाऊ हलला की दोरी हलायची. पण पोर न हलताही रडतं, हे तिलाही माहीत होतं.

पुढं चार-आठ दिवसांनी एका लॉरी ड्रायव्हरनं कंदिलाच्या बदल्यात आप्पांना लष्करी टेलिफोनाचा हातातला दांडा दिला. बोलायची बाजू फुटलेली, ऐकायची बाजू धड. आप्पांनी तो खोलला आणि दोन दिवस त्याच्याकडं नुसतं बघत बसले. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. "हिकडं ये गं. आपुन ह्याचा कर्णा करू. पोरगं सोप्यात रडलं की कर्णा चुलीपाशी रडला पायजे. एवढा मोठा, की तुझ्या आईला आलंच पायजे ऐकू." माझा तर आनंद गगनात मावेना. आप्पा मला कामाला घेणार! पोरीला कोण हातोडी धरू देतं तेव्हा?

बोलायच्या बाजूला कोळशाची बारीक कणी लागते, हे त्यांनी फुटलेल्या तुकड्यांवरून ओळखलं. ती आम्ही मेलेल्या बॅटरीच्या सेलमधल्या काळ्या कांडीपासून केली. कांडी कुटायची मी, चाळायची मी. बाजरीच्या कण्यांहून बारीक, पण पीठ नको. अव्वाची पिठाची चाळण त्यात काळीठिक्कर झाली आणि मला पाठीत एक धपाटा बसला. चालू सेल सडकेवरच्या दुकानातून आणले होते. ते उतरले की मी माळवदावर उन्हात वाळत घालायची, मग पुन्हा थोडे दिवस चालायचे. शेजारीण विचारायची, "कुरडया का गं?" मी म्हणायची, "व्हय, आप्पाच्या."

ऐकायच्या डबीत एक लोहचुंबक, तारेची गुंडी आणि वर पत्र्याची पातळ चकती. पलीकडं आवाज झाला की ती चकती थरथरते आणि तसाच आवाज काढते. त्या डबीवर आप्पांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून कर्णा चढवला. काय देखणा केला होता म्हणून सांगू! तोंड सुपाएवढं, काठ गोल वळवलेला, सांधा नवसागर लावून असा झाळलेला की बोट फिरवलं तरी कळू नये. सोप्यात पाळण्याला बोलायची डबी टांगली, तार दाराच्या चौकटीवरून आत नेली आणि कर्णा चुलीपाशी अव्वाच्या कानावर रोखला.

आता पोर रडायला पाहिजे ना! एरवी घर डोक्यावर घेणारं ते कार्टं त्या दिवशी डबीकडं बघून हसत होतं. आप्पा आतून ओरडले, "रडव की!" मी कसं रडवणार? मी चिमटा काढला. आज सत्तरी उलटली तरी त्या चिमट्याची मला लाज वाटते. पण त्यानं जे भोकाड पसरलं, ते कर्ण्यातून असं निघालं की समोरचा वाणी दुकान टाकून आला. पाठोपाठ चौकीवरचा शिपाई आला. "ये रेडिओ लगाए क्या? परवाना कां है?" आप्पा घाबरून म्हणाले, "रेडिओ नहीं साब, बच्चा है." शिपायानं पाळण्यात वाकून खात्री करून घेतली, भावाच्या गालाला हात लावला आणि गेला. सारी आळी हसत होती. अव्वा मात्र कर्ण्याच्या तोंडाशी कान लावून बसलेली. तिनं आमच्याकडं बघितलं आणि सगळं समजून हळूच म्हणाली, "नवसागराचा वास येतोय."

आप्पांनी हार मानली नाही. त्यांची समजूत एकच, की तोंड लहान पडलं. दुसरा कर्णा दोन डब्यांचा केला, तिसरा चार डब्यांचा. तो स्वयंपाकघरात मावेना, म्हणून कोनाड्याची फळी काढली. त्यांच्या सगळ्या आयुष्यात पत्र्यानं त्यांना दगा दिलेला नव्हता. चूक पत्र्याच्या मापात असेल, दुसरीकडं कुठं असेल, हे त्यांच्या डोक्यातच येईना. आणि मीही त्यांचीच पोर! "आप्पा, अजून मोठा करू," असं मीच म्हणायची. आषाढ लागला. अव्वा भावाला मांडीवरून खाली ठेवेनाशी झाली. भाकरी करतानाही पाठीला बांधून घ्यायची. तिच्याकडं बघितलं की मला आत्याचा असा राग यायचा, की दात-ओठ खायची नुसती.

पंचमीला आठवडा राहिला तेव्हा आप्पांनी शेवटचा उपाय काढला. पत्र्याचा नाद सोडून कागदाचा कर्णा. डबीतल्या चकतीच्या मधोमध एक पातळ सळई झाळायची, सळईचं दुसरं टोक जाड कागदाच्या कर्ण्याला खळीनं चिकटवायचं, म्हणजे चकतीबरोबर सगळा कागद थरथरेल. कागद धरायला दोन हात, खळ लावायला दोन हात. आप्पांचे हात गुंतलेले, मी सोप्यात भावाजवळ बसलेली. म्हणून त्यांनी अव्वाला बोलावलं. तिनं दोन्ही हातांनी कागद गोल धरला. सळई मध्येच लटपटायला लागली, तशी तिनं तिचं टोक सरळ दातांत धरलं. शिवताना बायका दोरा धरतात तसं, सहज.

आणि नेमका त्याच वेळी भाऊ जागा होऊन कुरकुरला. मी चिमटाबिमटा काही काढला नव्हता, शपथ.

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावत गेले तर खळीचं भांडं उपडं आणि अव्वा भिंतीला टेकलेली. "रडतंय," ती म्हणाली. "पोरगं रडतंय. आसा आवाज हाय व्हय त्याचा?" पाच महिन्यांचं पोर, आणि त्याचा आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती. तिनं सळई पुन्हा दातांत धरली, डोळे मिटले. आप्पांनी मला हातानं खुणावलं, जा. मी सोप्यात येऊन डबीला तोंड लावलं. काय बोलावं ते सुचेना. शेवटी म्हणाले, "अव्वा, म्या हाय." मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "किती मोट्या बाईगत आवाज झालाय गं तुझा." मी तिथंच पाळण्याला धरून रडले.

का ऐकू आलं, हे आप्पांना कळलं नाही आणि मलाही खूप वर्षं कळलं नाही. कानाची वाट बंद झाली तरी हाडातून आवाज आत जाऊ शकतो, हे पुढं एका डॉक्टरांनी सांगितलं. आप्पांना एवढंच समजलं की कर्णा नको. त्यांनी सळई आखूड कापली, टोकाला लाकडाचं बटण बसवलं आणि ते अव्वाच्या कपाळाला, गालाला, हनुवटीला लावून बघितलं. आम्ही पोरासोरांसारखे हसत होतो. कानामागच्या हाडावर ते बरोबर बसलं. दातांत धरल्याएवढं नाही, पण बऱ्यापैकी ऐकू यायचं. मग डबी कापडाच्या पट्टीनं डोक्याला बांधायची, वरून पदर. चार डब्यांच्या त्या थोरल्या कर्ण्याची आप्पांनी नरसाळी केली.

पंचमीच्या आदल्या दिवशी आत्या आली. अव्वाच्या पदराखालून निघालेली तार बघून म्हणाली, "ह्ये काय सोंग?" आप्पांनी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते आत्यापुढं सलग इतकं बोलले असतील. आत्यानं ऐकून घेतलं. "तुज्या डबीवर इस्वास ठिवून पोराचा जीव टांगायचा व्हय? म्या बघते."

तिनं अव्वाला जात्यावर दळायला बसवलं, तोंड भिंतीकडं. आप्पांना दुकानात पाठवलं. मी खुणा करीन म्हणून मला मधल्या उंबऱ्यावर उभं केलं, हात पाठीमागं. मला तिथून दोन्हीकडचं दिसत होतं. आत्या पाळण्यापाशी जाऊन खाली बसली आणि पाळण्यावर वाकली. मी मनात म्हणत होते, रड रे बाबा, रड. पण भाऊ गाढ झोपलेला. आत्या त्याला हलवेल, उठवेल असं मला वाटलं. तिनं हातही लावला नाही. ती नुसती बघत राहिली, आणि मग इतक्या हळू बोलायला लागली की मला एकेक शब्द कान देऊन ऐकावा लागला. तोंड त्या डबीपासून चार बोटांवर आहे, हे ती विसरलीच असावी.

"सोन्या, म्या वाईट न्हाय रं," ती म्हणाली. "माजं घर लई गप हाय. आमचे मालक सक्काळी जातात ते दिवे लागल्यावर येतात. देवानं मला एक बी दिलं न्हाय. तुला न्हेलं आसतं तर तेवढंच कुणीतरी रडलं आसतं घरात."

जातं थांबलं. अव्वा उठली आणि सरळ चालत सुटली, तार पायात आली, ताणली आणि तुटली, तरी थांबली नाही. माझ्या अंगावरून सोप्यात गेली, झोपलेल्या भावाला पाळण्यातून उचललं आणि आत्याच्या ओटीत ठेवलं.

आत्या गडबडली. "दिलास व्हय?" ती म्हणाली. अव्वा तिच्या तोंडाकडं बघत होती.

"दिला न्हाय. तुमी हितं ऱ्हावा. पायजे तितकं दिवस ऱ्हावा."

आत्यानं तिच्या कानामागच्या डबीकडं बघितलं, मग पाळण्याला टांगलेल्या डबीकडं बघितलं. तिचा चेहरा उतरला. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"समदं?"

"समदं," अव्वा म्हणाली, आणि आत्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "वन्सं, गप घरात कसं वाटतं, ते मला म्हाईत हाय."