कॉमिक्सवरच्या गुंडाचे केस

आज माझ्या डोक्यावर मूठभरही केस उरले नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही. एका वर्षी माझ्या केसांनी अख्खं गाव कामाला लावलं होतं.

तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता, हिंगोली नंतर वेगळा झाला. वसमत तालुक्यात, हट्ट्यापासून सायकलीच्या अंतरावर आमचं गाव. हट्ट्याच्या बाजारात एक रद्दीवाला पोत्यावर जुनी कॉमिक्स मांडून बसायचा. बरीचशी हिंदी, थोडी परदेशी, सगळ्यांचे कोपरे उंदरांनी खाल्लेले. आतली पानं अर्धी गायब असायची. त्यामुळे मी गोष्टी वाचायचं सोडून मुखपृष्ठंच बघत बसायचो.

मुखपृष्ठावर नेहमी एकच मामला. मधोमध बारीक केसांचा, गुळगुळीत दाढी केलेला हिरो. आणि त्याच्या ठोशाने हवेत उडालेला कोण? तर लांब केसांचा पोरगा. कधी त्याच्या गळ्यात माळा आणि हातात गिटार, कधी कातडी जॅकेट आणि मागे मोटरसायकल, कधी डोळ्यांवर रंगीत गोल गॉगल. त्याने गुन्हा काय केला ते आतल्या पानांवर असेलही, पण मला तो दिसायचा फक्त मार खाताना. मला चित्र काढणाऱ्याचाच राग यायचा. केस वाढवले की माणूस गुंड, हे ठरवलं कोणी? आणि ठरवताना त्या पोराला विचारलं होतं का?

त्यातलं एक मी घरी आणलं. इंग्रजी होतं, आतलं काहीच शिल्लक नव्हतं, नुसतं कव्हर. त्यावर काळ्या स्वेटरातला एक हडकुळा पोरगा. हनुवटीला बोकडासारखी दाढी, केस मानेवर आलेले, डोळे मिटलेले, आणि गुडघ्यांमध्ये दोन छोटे ढोल धरून तो बडवत होता. मागे हिरो भुवया चढवून उभा. हा पोरगा मला बघताक्षणी आवडला. आमच्या वस्तीत हलगी तापली की वाजवणाऱ्याचा चेहरा अगदी असाच व्हायचा. पुढे दोन हजार सालानंतर नांदेडला नोकरी लागली, सायबर कॅफेत बसायची सवय लागली, तेव्हा कळलं की अमेरिकेत अशा पोरांना बीटनिक म्हणत आणि कॉमिक्सवाल्यांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली होती. पण तेव्हा मला नावाशी काय करायचं होतं? मी अकरावीला होतो आणि मी ठरवलं की आपण असंच दिसायचं.

आता आमच्या घरात केस ही साधी गोष्ट नव्हती, ते सांगायला हवं. आमचं घर बौद्ध. पण माझा आजा त्याच्या तरुणपणी पोतराज होता. कमरेला खणांचा घागरा, पायात चाळ, हातात आसूड, आणि मरीआईच्या नावाने वाढवलेले कमरेपर्यंतचे केस. देवीपुढे स्वतःच्याच अंगावर फटके ओढायचे आणि दारोदार मागायचं. आखाड महिन्यात देवीचा लाकडी गाडा गावच्या शिवेबाहेर नेऊन ठेवायचा मान त्याचा. त्याला मान म्हणायचे आणि भाकर वरून टाकायचे.

दीक्षा घेतली त्या दिवशी माझ्या बापाने आज्याचे केस कापले. बाप तेव्हा चौदा वर्षांचा. गावचा न्हावी आमच्या डोक्याला हात लावत नव्हता, म्हणून कातर दुसऱ्या गावाहून आणली होती. आजा रडला नाही म्हणे. पण पुढे कित्येक दिवस हात मानेमागे नेऊन चाचपून बघायचा. ती कातर बापाने जन्मभर तेल देऊन डब्यात जपली. गवंडीकामाला सुट्टी असली की तो वस्तीतल्या पोरांना अंगणात पोत्यावर बसवून त्यांचे केस कापायचा. आणि त्याच्याच पोराचे केस खांद्यावर आले.

"काहून वाढवून राहिला?" त्याने एकदा जेवताना विचारलं.

"आवडतात मला."

"आवडतात? माझ्या बापाच्या डोक्यावरून उतरवलेलं तू परत चढवून राहिला व्हय?"

"ते देवीचे होते, बाबा. हे माझे हायेत."

"लोकायला कसं कळंल कोणाचे हायेत ते?"

पण सतराव्या वर्षी कोणी माघार घेतो का? मी केस तसेच ठेवले. बापाने बोलणं टाकलं. आई मधल्या मध्ये भरडली जायची. शेवटी बापाने तिच्याकरवी निरोप दिला: आखाड लागायच्या आत केस कापायचे, न्हाईतर या घरात राहायचं न्हाई. मी पिशवीत दोन कपडे भरून ठेवले.

आखाडाआधीचा शेवटचा रविवार उजाडला. बापाने अंगणात पोतं अंथरलं आणि कातर काढून शेजारी ठेवली. मी पिशवी घेऊन दारात उभा. आई रडून राहिली होती. तेवढ्यात गावातून तिघं जण आले. पुढे गावचे म्हातारे कारभारी, देवीच्या गाड्याची व्यवस्था त्यांच्याकडे असायची. मागच्या दोघांतल्या एकाच्या हातात ताट. ताटात हळद-कुंकू, नवे खण आणि आसूड.

"तुझ्या बापाचे केस उतरले तवापासून पोतराजाची जागा रिकामी हाय," कारभारी बापाला म्हणाले. "आता देवीनंच तुझ्या पोराच्या डोक्यावर केस आणले. गावानं ठरवलंय, यंदा गाडा हेच पोरगं नेईल."

माझ्या मस्तकात सणक गेली. मी आत धावलो, ते कव्हर आणलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. "केस इथून आणलेत! देवीचा काय संबंध?"

कारभाऱ्यांनी कागद हात लांब करून धरला, चित्रातल्या वाजवणाऱ्याकडे निरखून बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "हा कोणत्या गावचा पोतराज?"

मला हसू फुटलं. बाप हसला नाही. त्याने कव्हर त्यांच्या हातून घेतलं, घडी न पाडता माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, "पोरगं गाडा नेणार न्हाई. ताट घेऊन जा."

"मग केस काहून ठेवलेत?" कारभारी चिडले. "देवीचे नसतील तर आत्ताच कापून टाक. कातर समोर पडून राहिली न. गावाच्या डोळ्यात येतंय ते."

मला वाटलं, झालं, आता बापाला त्यांचीही साथ मिळाली. बापाने कातरीकडे बघितलं. मग तो उठून उभा राहिला, आणि त्या माणसांसमोर तो इतका ताठ उभा राहिलेला मी तोवर पाहिला नव्हता.

"ठेवले तर तुमच्या देवीचे, न्हाईतर कापा," तो म्हणाला. "म्हंजे आमच्या डोक्यावर आमचं काईच न्हाई का? केस पोराचे हायेत. ठेवायचे का कापायचे, त्यो बघल. तुमी सांगायचं न्हाई."

कारभारी बराच वेळ बडबडले, देवीचा कोप सांगितला, मग ताट घेऊन गेले. आईने दार लोटलं. मी पिशवी अजून हातातच धरून होतो.

बापाने पोत्यावर थाप मारली. "बस."

मी जागचा हललो नाही.

"बस म्हणलं. टोकं येडीवाकडी वाढलीत, बराबर करून देतो."

मी बसलो. त्याने केस ओले केले, विंचरले आणि बोटभर टोकं सरळ रेषेत कापली. एकही केस जास्त गेला नाही. मग त्याने मानेमागचे केस मुठीत धरले.

"माझ्या बापाचे बी असेच दाट होते," तो म्हणाला, आणि कातर पुसून डब्यात ठेवली.