शहापूर ते टोकावडे, एका टोपऱ्यासाठी

ताईने सरळ सांगितलं होतं, "ही ऑर्डर नीट गेली तर तुझ्या लोकरीच्या नादाबद्दल एक शब्द बोलणार नाय. नायतर सोमवारपासून भिवंडीच्या गोडाऊनात कामाला." म्हणून रविवारी सकाळी मी शहापूर स्टँडवर. पिशवीत एकच वस्तू, बाळाचं पश्मिन्याचं टोपरं. लडाखला भटकताना टकळीवर सूत काढायला शिकलो होतो, येताना मूठभर पश्मिना आणला. तो सगळा यातच संपला.

ऑर्डर मिळाली म्हशाच्या जत्रेत. ब्लँकेटवाल्यांच्या शेजारी मी मनगटपट्टे आणि कानटोप्या मांडून बसलेलो. जो तो विचारायचा, "बायकोने विणलंय का रे?" टोकावड्याच्या एका मावशीने मात्र पश्मिना गालाला लावून बघितला. तिची लेक बाळंतपणाला येणार होती. दुसऱ्या दिवशी मावशी गाठ मारलेला दोरा घेऊन आली. "एवढंच माप. बारशाला घेऊन ये." दोरा फारच आखूड वाटला. विचारलं तर म्हणाली, "तू कर ना, शाना." केलं.

तुम्ही जाणार असाल तर थेट गाडीची वाट बघत बसू नका. किन्हवलीमार्गे सरळगाव गाठा, तिथे गाडी बदला. आणि पाटी वाचा! मी सरळगावला टकळी फिरवत समोर दिसेल त्या एसटीत चढलो.

"टोकावडं?" कंडक्टर हसला. "ते मागं रायलं. उलटा चाललास तू. मुरबाडचं देऊ?"

मुरबाडला उतरलो, वडापाव खाल्ला (चटणी जपून), बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या बाईचा हात बघत उभा राहिलो आणि टोकावड्याची गाडी डोळ्यांदेखत गेली. पुढची मिळाली तेव्हा ऊन डोक्यावर. रस्ता छान आहे, समोर माळशेजचे डोंगर जवळ येत राहतात. मला मात्र फक्त गोडाऊन दिसत होतं.

पोचलो तेव्हा बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या.

"आला गो टोपरंवाला!" मावशी ओरडली. "आमाला वाटलं घाट चढून गेलास."

घाईघाईत मी टोपरं काढलं आणि थेट बाळाच्या डोक्यावर ठेवलं. ते वाटीसारखं टाळूवरच बसलं.

"पोरीचं डोकं वाढलं का टोपरं आटलं?" कुणीतरी म्हणालं. सगळ्या खो-खो हसल्या.

मावशीने ते हिसकावलं. "अरे, तिला नाय!" हळदीकुंकू लावलेला वरवंटा पाटावर होता. त्याला चढवलं. अगदी अंगाबरोबर बसलं.

"जन्माला यायच्या आधी पोराचं माप कोण घेतं रे? आमी वरवंट्याचं घेतलं."

बाळाच्या आधी वरवंटा पाळण्याभोवती फिरवायची रीत. मग "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत माझा पश्मिना पाळण्याखालून गेला, वरून आला. इतकी मऊ लोकर आणि आत दगड. हसावं की काय करावं, कळेना. घुगऱ्या खाल्ल्या. चांगल्या होत्या.

निघताना मावशीने पैशांबरोबर टोपरंही परत हातात दिलं, वर एक नवा दोरा. यावेळी बाळाच्या डोक्याचा. "हे उसव. पाळण्याभोवती फिरलंय, याच लोकरीचं पोरीला कर. कमी पडलं तर कायपण जोड."

घरी आलो. ताईने पिशवीत डोकावलं.

"परत आणलंस? बसलं नाय?"

"बसलं. वरवंट्याला."

सगळं सांगितलं. तिने टोपरं उलटंपालटं करून बघितलं. "म्हणजे ऑर्डर गेली की रायली?"

खरं सांगतो, मला अजूनही ठरवता आलेलं नाही. दोन्ही दोरे शेजारी ठेवले. चार बोटांचा फरक, आणि पश्मिना शिल्लक नाही. टोपऱ्याच्या सुताचं टोक ओढलं. वळ्या पडलेली लोकर सुटू लागली, मध्येच हळदीचा पिवळा डाग. ताई समोर येऊन बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

"गुंडाळ यावर. गोडाऊनचं सोमवारी बघू."

"उद्या सोमवारच आहे."

"मग हात चालव."