न सांगितलेला क्षेपक

मी देवभक्त आहे. पण देवभक्ती आणि चमत्कारावरचा विश्वास या दोन गोष्टी मी आयुष्यभर निराळ्या ठेवल्या. पंचांगाचे गणित करणाऱ्याला ते भागच असते — जे जुळत नाही ते चुकले असे समजून पुन्हा मांडायचे. हा एक अनुभव मात्र कितीदा मांडला तरी सुटलेला नाही...

१९८६ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही नागपूरला सक्करदऱ्यात राहत होतो. मोतीबिंदूमुळे मला आकडे दिसेनासे झाले होते आणि घराण्याचे पंचांग पुढे कोण करणार, हा प्रश्न होता. मुलगा नव्हता. मुलगी सुनंदा एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवीत असे. तिने सगळे गणित संगणकावर मांडले. एक गोष्ट मात्र मी तिला दिली नव्हती — क्षेपक, म्हणजे आरंभी मिळवायचा मूळ आकडा. तो वडिलांनी मला मुंजीनंतर कानात सांगितला होता. लिहिलेला कोठेच नव्हता. मुलीला तो द्यावा की नाही, हे माझ्याने ठरत नव्हते. त्याविना तिचे उत्तर चुकेल आणि पंचांग माझ्याबरोबर थांबेल — खरे सांगायचे तर मी तेच धरून चाललो होतो.

चाचणीच्या दिवशी तिने मला सोबत नेले. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, ते मला आवडले. रामटेके नावाचे गृहस्थ यंत्र सांभाळीत. त्यांनी ते नुकतेच सुरू केले होते. येत्या वर्षातील पौर्णिमांच्या समाप्तीच्या वेळा मी तोंडी गणिताने काढून पत्नीकडून लिहवून घेतल्या होत्या. सुनंदा छापील कागद वाचू लागली... बाराही वेळा पळापर्यंत जुळल्या.

"क्षेपक कोठून आणलास?" मी विचारले.

"भरलाच नाही, अप्पा. नुसती जागा ठेवली होती. तुम्ही सांगाल तेव्हा भरू म्हटलं."

त्या जागेत काय आहे, ते तिने छापून घेतले आणि मोठ्याने वाचले. शेवटच्या अंकापर्यंत तोच आकडा. माझे हात आपोआप जोडले गेले.

तिने समजावले, की संगणकाच्या स्मृतीत प्रोग्रॅमभर टिकणाऱ्या जागा शून्य करून मिळतात. पण कामापुरत्या, एकावर एक रचलेल्या जागा कोणी पुसत नाही, आणि क्षेपकाची जागा तसलीच होती.

"आधीच्याचं शिळंपाकं तिथंच पडून राहते, गुरुजी," रामटेके हसून म्हणाले. मग तेच थबकले. "पण आज तर मशीनवर कोणी बसलंच नाही जी. तुमचाच पहिला नंबर."

सुनंदाने तिथे शून्य भरून पाहिले; साऱ्या पौर्णिमा ढळल्या. शून्य काढले, तर भलताच ऋण आकडा आला. दुपारपर्यंत तिने पुनःपुन्हा पाहिले. तो आकडा परत आला नाही.

घरी येताना तिने शांतपणे विचारले, "मुलीला सांगू नको, असं आजोबा म्हणाले होते का?"

मी पुष्कळ आठवून पाहिले. तसे ते कधीच म्हणाले नव्हते.

घरी पोचल्यावर देवापुढे बसवून मी तिच्या उजव्या कानात क्षेपक सांगितला. तेव्हापासून पंचांग तिच्या नावाने निघते. तिनेही तो कोठे लिहून ठेवलेला नाही. दर वर्षी स्वतःच्या हाताने भरते. त्या सकाळी मात्र तो कोणी भरला, हे आम्हा दोघांनाही अजून सांगता येत नाही.